घोटभर चहा

“कशासाठी शिकायचंय इंग्रजी?” बाईंनी वर्गात एकेकाला विचारलं, तेव्हा काकांना भावजयीचं पत्र आठवलं. तीन वर्षं झाली, त्याचं उत्तर गेलं नव्हतं. तोंडानं मात्र ते म्हणाले, “असंच. वेळ जात नाही.”

सगळे त्यांना डिक्शनरीकाका म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांची नावं कार्डांवर उतरवली होती. अक्षर मोत्यासारखं. पुस्तकांच्या पोटात काय आहे ते त्यांना कधी कळलं नाही, पण अक्षर बघून लोकांनी परस्परच त्यांना पंडित ठरवून टाकलं. शेजारीपाजारी नोटिसा घेऊन यायचे. “ठेवून जा, सवडीनं बघतो,” म्हणत काका चष्मा पुसायचे आणि ते गेले की शब्दकोश काढून बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती उघडायची तरी कुणापुढे?

धाकटा भाऊ परदेशात गेला, तिथंच त्यानं लग्न केलं आणि तिथंच तो वारला. महिन्याभरानं त्याच्या बायकोचं पत्र आलं. शब्दकोश चाळून ते वाचायला काकांना पंधरा दिवस लागले. तिनं एकच गोष्ट विचारली होती. ‘चहा पिताना ते कपात शेवटचा घोट ठेवायचे. चाळीस वर्षं. विचारलं की नुसते हसायचे. हॉस्पिटलातही ठेवला. का, ते तुम्हाला माहीत असेल. सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलं नाही.’ खाली लिहिलं होतं, ‘टेक युवर टाइम.’ सवडीनं लिहा. काकांनी तेवढं मात्र तंतोतंत पाळलं.

वर्ग तीन गल्ल्या पलीकडे होता, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम निवडलेला. बायकोला ते सांगत, फिरायला चाललोय. वर्गात एक नर्स, एक टॅक्सीवाला आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा. बाई आठवड्याला दहा वाक्प्रयोग द्यायच्या. काका ते जुन्या कोऱ्या कार्डांवर उतरवायचे. वर वाक्प्रयोग, खाली अर्थ, त्याखाली कधी वापरावा ते.

“काका, कार्डं भारी आहेत,” टॅक्सीवाला म्हणाला. “मेलो तर माझंही नाव एकावर लिहा.”

“समोरच्याचं माणूस गेलं तर काय म्हणायचं?” नर्सनं विचारलं.

“आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस.”

“लॉस म्हणजे तोटा ना? माणूस गेल्यावर तोट्याचं बोलायचं?”

“त्यांच्यात तसंच म्हणतात,” बाई म्हणाल्या. “वाक्प्रयोग फोडून बघायचा नाही. अख्खा गिळायचा.”

काकांनी गिळला. चार महिन्यांत एकशे ऐंशी कार्डं झाली. मग एका दुपारी त्यांनी ती टेबलावर मांडली, त्यातली अकरा निवडली आणि पत्र तयार केलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. “एकही चूक नाही, काका!”

घरी बायको शेंगा सोलत होती. “काय हो, फिरायला जाताना कार्डं कशाला लागतात?” ती म्हणाली. “काढा ते पत्र बाहेर. माझ्या जावेला लिहिलंय ना? वाचा मराठीत.”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. काकांनी ओशाळून वाचलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. काळ हेच औषध. आपणांस बळ लाभो.

“छान आहे,” ती म्हणाली. “खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले, त्यांच्याकडेही द्या एक प्रत.”

“थट्टा करू नकोस.”

“मग यात भाऊजी कुठं आहेत, दाखवा. आणि त्या चहाचं काय? तिनं तेच विचारलंय ना?”

काका खाली बघत म्हणाले, “घरात दूध थोडं असायचं. आम्हा दोघांत एकच कप. तो लहान, म्हणून आधी त्याला. शेवटचा घोट माझा, असं आईनं ठरवून दिलेलं. पुढं मी नोकरीला लागलो, कप झाले चार. तरी ठेवायचा. म्हटलं, अरे, आता पुरे. तर म्हणतो, असू दे दादा, तुझा आहे तो.”

शेंगा सोलणारे हात थांबले. “आणि एवढं सांगायला तीन वर्षं?”

“चुका होतील माझ्या. जन्मभर सगळे मला...”

“होऊ द्या चुका. तिला कारण हवंय. ती काय मार्क देणार आहे तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कार्डं खोक्यात भरली आणि शब्दकोशही कपाटात ठेवला. ‘वी टू ब्रदर. वन कप. ही ड्रिंक फर्स्ट. लास्ट टी ही कीप फॉर मी. आय अ‍ॅम दादा.’ यात निम्म्याहून जास्त चुकलंय, हे आता त्यांना कळत होतं. तेवढं इंग्रजी त्यांना येऊ लागलं होतं. मजकूर त्यांनी दुसऱ्यांदा वाचला नाही. पाकीट चिकटवलं.

पोस्टात खिडकीमागच्या कारकुनानं पत्ता बघितला आणि मान वर केली. “काय अक्षर आहे हो! इंग्रजीचे प्रोफेसर होता का?”

रांगेत मागं त्यांच्याच गल्लीतला एकजण उभा होता.

“नाही,” काका त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले. “शिकतोय अजून.”

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.