एकवीस हजारांचा भोपळा

'प्रथमफळ' हा शब्द आमच्या ख्रिस्ती मंडळीत फार सैलपणे वापरला जातो. प्रथमफळ म्हणजे हंगामातले सर्वांत देखणे फळ नव्हे, आणि खाऊन उरलेले तर नव्हेच. दुसरे येईल की नाही हे ठाऊक नसताना, स्वतः चाखण्यापूर्वी देवापुढे ठेवलेले पहिले फळ, ते प्रथमफळ. मी तसे फळ होतो. तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा लाल भोपळा बोलतो आहे मी.

सुकीच्या छपरावर माझा जन्म झाला. बी तिच्या आईने जपलेले. वेलाला पहिला मी धरलो. माझ्यामागची फळे परतीच्या पावसात कुजली. त्या वाणाचे बी उरले ते माझ्याच पोटात. तरीही २०१६च्या नोव्हेंबरात, हंगामाच्या सणाला, सुकी मला डोक्यावर घेऊन चर्चमध्ये आली.

"पाळकसाहेब, जो घेईल त्याने खावा. बी तेवढं मला परत द्यावं. पेरायला दुसरं नाही."

"देतील हो, सुकीबाई. देवाचीच माणसं आहेत सगळी."

उपासनेनंतर लिलाव सुरू झाला. आमच्याकडची रीत अशी : बोली जिंकणाऱ्याने पैसे भरायचे आणि वस्तू पुन्हा लिलावाला द्यायची, मग टाळ्या पडतात. एरवी भोपळा शंभराच्या वर जात नाही. परंतु त्याच आठवड्यात हजार-पाचशेच्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि मंडळीच्या नावाने बँकेत त्या अजून भरता येत होत्या. पवित्र आत्म्याने इतक्या जणांना एकाच वेळी स्पर्श केलेला मी प्रथमच पाहिला.

"पाच हजार!" चिकूच्या वाडीवाले शैलेशशेठ गरजले, आणि मला परत केले.

"आठ!" दीपकभाऊ म्हणाले.

"कपाटातली आज बाहेर निघाली वाटतं," मागून कोणीतरी म्हणाले. वाक्याचा कर्ता नोट की भक्ती, हे कोणी विचारले नाही.

अखेर डहाणू रोडचे मोहनराव, सरकारी कचेरीतले मोठे कारकून, एकवीस हजारांवर थांबले. परत करून उपयोग नव्हता. नोटा संपल्या होत्या, तशी भक्तीही.

मोहनरावांनी मला घरी नेले, व्हार्निश लावले आणि दिवाणखान्यातल्या कपाटात आपल्या छायाचित्राशेजारी मांडले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझी किंमत सांगत. मला कापण्याचा विषय निघत नसे.

"अहो, वास येतोय त्याला," उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी जयमालाबाई म्हणाल्या.

"कसला वास? एकवीस हजारांची वस्तू आहे ती."

जूनच्या आरंभी सुकी दाराशी आली. "सायेब, बी द्या ना माझं. पेरणी आली."

"बाई, त्यासाठी कापावा लागेल. प्रभूला वाहिलेली वस्तू कापायची?"

"खायालाच वाहिला होता, सायेब. बघत बसायला नाही."

मोहनरावांनी बाजारातले संकरित बियाणे आणून देण्याचे औदार्य दाखवले. सुकी उंबऱ्यावरून हलली नाही. तेव्हा जयमालाबाई आतून विळी घेऊन आल्या. "सरका जरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांनी मला चिरले.

आत काळा चिखल झाला होता. सुकीने त्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठभर बिया पिचलेल्या निघाल्या. नऊ टणक होत्या. त्या तिने धुतल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि ती गाडी पकडायला निघाली. माझी साल परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी पडली. तिथूनच हे सांगतो आहे. आता माझी मातीच झाली आहे.

दर हंगामाच्या सणाला अजून सांगतात : एका गरीब बाईच्या भोपळ्याला श्रीमंतांनी उदार हाताने एकवीस हजार दिले. आकडा बरोबर आहे. चूक एवढीच की त्या दिवशी श्रीमंतांनी काही दिलेच नाही; त्यांनी आपली अडचण देवाच्या गळ्यात बांधली. देताना ज्याने खरोखर काही गमावले असे माणूस त्या सभेत एकच होते, आणि तिला 'एक गरीब बाई' म्हणत नाहीत. तिचे नाव सुकी.