साहेबांची मालीश

"नाही म्हणजे नाही, साहेब. उगाच लाडात येऊ नका."

मावशींनी दोन्ही हात काखेत दडवले. पण साहेब ऐकेल तर शपथ. ठाणातल्या ठाणात वळून त्याने आपली पाठमोरी बाजू त्यांच्यापुढे आणली, उजवा पुठ्ठा त्यांच्या खांद्याला टेकवला आणि वाट बघत उभा राहिला. रोजची मालीश तिथूनच सुरू होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साहेब म्हणजे घोडा. मुलांना घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या शाळेतला तांबूस, थोराड, म्हातारा घोडा. 'ए, चल' म्हटलं की हा पठ्ठ्या जागचा हलत नसे, आणि 'चला साहेब' म्हटलं की निघालाच. त्यामुळे शिकायला येणाऱ्या पोरांना लगाम धरायच्या आधी अहो-जाहो शिकवावं लागे. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार घरी बायकोशी धड बोलत नसेल, पण साहेबांशी बोलताना त्याच्या जिभेवर साखर असे.

मावशी आधी माणसांच्या इस्पितळात होत्या. तिथल्या व्यायामाच्या खोलीत आखडलेले खांदे आणि धरलेल्या कमरा रगडून रगडून त्या कंटाळल्या होत्या. हात लागायच्या आधीच 'आई गं' करायची माणसं! घोड्याचं तसं नाही. दुखलं की कान मागे, बरं वाटलं की खालचा ओठ लोंबता, विषय संपला. सुरुवातीला नवऱ्याने खूप चिडवलं. "मला चार पाय असते तर माझ्याही पाठीचं नशीब उघडलं असतं," तो म्हणायचा. "पाय कमी आहेत, पण हट्ट पुरेसा आहे," असं म्हणून मावशी त्याच्याही पाठीला थोडं तेल लावत.

आज मात्र त्यांना चेष्टा सुचत नव्हती. साहेबांना तपासायला थोड्याच वेळात घोड्यांचे डॉक्टर यायचे होते, आणि तपासणीच्या आदल्या दिवसापासून घोड्याला मालीश करायची नाही असा इथला नियम होता. नियम डॉक्टरांचाच, आणि बरोबरच होता. मावशींचा हात फिरला की साहेबांचा कमरेचा सांधा सैल पडे, आणि मग काही तास त्याचं दुखणं भल्याभल्यांना दिसत नसे. खरा पाय बघायचा तर मालीश नको.

"मावशी, लावा की हात," मोतद्दार दाराशी घुटमळत म्हणाला. "कोण बघतंय? जरा बरा चालला तर डॉक्टर सोडतील त्याला."

"सोडतील. मग?"

"मग काय? राहील इथंच."

"आणि परवासारखा परत आडवा झाला तर?"

मोतद्दार बादली उचलून निघाला. परवा साहेब ठाणात आडवा झाला आणि त्याला उठताच येईना. घोडा उठू शकला नाही की स्वतःच्याच वजनाखाली चेंगरत तडफडून मरतो, हे तबेल्यातल्या माणसांना सांगावं लागत नाही. धडपडून धडपडून त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. सगळ्यांनी दोर लावून, रेटून, ओरडून त्याला उभा केला तेव्हा तो थरथरत होता, आणि मावशींना आपल्या हातांचा कधी नव्हे तो राग आला होता. एवढं शिकलेले हात, आणि घोड्याला उठवायला काडीच्या कामाचे नाहीत!

तरी मोतद्दार गेल्यावर त्यांचा एक हात काखेतून सुटलाच. पुठ्ठ्यावर नुसता ठेवला त्यांनी, दाबलासुद्धा नाही. आतला स्नायू लाकडासारखा टणक झाला होता. साहेबांनी मान खाली घातली आणि एक लांब श्वास सोडला. मावशींनी हात मागे घेतला. आपण बरोबर करतोय की काय करतोय, त्यांना काही कळेना. हात लावला तर खोटेपणा, नाही लावला तर आपणच त्याला मरणाकडे ढकलल्यासारखं. त्या ठाणाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब दाराच्या फळीवरून मान काढून त्यांच्याकडे बघत राहिला.

डॉक्टर आले, शाळेच्या मालकीणबाई आल्या. मालकीणबाईंची मुलगी ह्याच पाठीवर बसायला शिकली, आता ती परगावी नोकरी करते आणि दर फोनवर आधी साहेबांची चौकशी करते, मग आईची. मोतद्दाराने साहेबांना फरशीवर आधी चालवलं, मग "चला साहेब, थोडं दुडक्या चालीने" म्हणून शेजारून पळवलं. चारच पावलांत कळलं. मागची उजवी बाजू दर टप्प्याला खचत होती आणि ती वाचवायला साहेब मानेचे हिसके देत होता. तरी बिचारा थांबला नाही. सांगितलेलं काम होतं ना.

"बस," डॉक्टर म्हणाले. "पुरे झालं."

त्यांनी सांधा चाचपला, पाय उचलून बघितला आणि बराच वेळ साहेबांच्या मानेवर थोपटत राहिले. मग म्हणाले, "बाई, आता ओढू नये."

"आजच?" मालकीणबाईंनी साहेबांची आयाळ धरली.

"आज तो आपल्या पायावर उभा आहे. आडवा पडल्यावर मला बोलावलंत, तर मी येईपर्यंत तो काय सोसेल ते तुम्ही परवा पाहिलंच आहे. दुपारी मागच्या कुरणात करू. एक इंजेक्शन, आणि सुटेल तो. त्याला काही कळणार नाही."

मालकीणबाई फोन घेऊन बाजूला गेल्या. डॉक्टर मावशींकडे वळले.

"मावशी, आता लावा हात. हवा तितका."

मावशींना वाटलं, आता आपल्याला जमणार नाही. पण ठाणात शिरल्याबरोबर साहेबांनी वळून पुठ्ठा पुढे केला, कालपासून तुंबलेली उधारी वसूल करायला आल्यागत, आणि मावशींना रडता रडता हसू आलं. "आले, आले. दम म्हणून नाही तुम्हाला."

त्यांनी घाई केली नाही. आधी मानेवरून सपाट तळवे फिरवले, मग आयाळीच्या मुळाशी बोटं घालून चोळलं, खोगिराने दबलेल्या जागेवर अंगठे फिरवले, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मुठींनी खाली खाली येत गेल्या. पुठ्ठ्यापाशी त्या नेहमी राखून दाबत, कारण दुसऱ्या दिवशी त्याला पोरांच्या शिकवणीला उभं राहायचं असे, फार सैल सोडून चालत नसे. आजच्यापुढे दुसरा दिवस नव्हता. मावशींनी कोपर टेकवलं, अंगाचा सगळा भार दिला आणि थांबल्या. स्नायू हळूहळू मऊ पडत गेला. साहेबांचे डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबला. मग त्याने अशी काही जांभई दिली की त्याच्या सगळ्या पिवळ्या दाढा दिसल्या. दुसरी दिली, तिसरी दिली.

"बरं वाटलं का हो?" मावशी म्हणाल्या. त्यांची मनगटं भरून आली होती. तरी डावी बाजू राहिली होती, तीही त्यांनी तितकीच केली.

दुपारी मावशींनी स्वतः दोर धरला आणि साहेबांना बाहेर काढलं. फरशी ओलांडून तो मातीवर आला आणि मोतद्दार ओरडलाच.

"अहो, बघा! बघा तरी! लंगडत नाहीये!"

खरंच लंगडत नव्हता. पाठ लवत होती, मागचे पाय ऐसपैस पडत होते, मान वर होती. मालकीणबाई धावत आल्या. "डॉक्टर, हा तर बरा चालतोय! मावशी, काय केलंत हो? डॉक्टर, बघा ना!"

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं, मग मावशींकडे. मग सगळेच मावशींकडे बघू लागले.

एक शब्द पुरला असता. 'थांबू या' म्हटलं असतं तर डॉक्टर गाडीत बसून गेले असते, आजची रात्र मिळाली असती, कदाचित उद्याचीही. मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. त्यांना साहेब हवा होता, उद्या सकाळी, परवा सकाळी, त्याच ठाणात. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

"हे माझ्या हाताचं आहे, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच्या पायाचं नाही. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"पण एक दिवस तरी, मावशी..."

"रात्री आडवा झाला तर?"

मालकीणबाईंनी साहेबांच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मागे सरकल्या. मोतद्दाराने कुरणाचं फाटक उघडलं आणि फाटकाच्या खांबाला धरून तिथेच उभा राहिला.

साहेबांनी हिरवळ पाहिली आणि पाय उचलला. इतकी वर्षं मावशी पुढे आणि साहेब मागे, असं चालायची सवय. आज दोर ताणला गेला तो पुढच्या बाजूने. तो झपाझप चालला होता, शेपटी झुलवत, आणि गुडघ्याएवढ्या गवतातून त्याला गाठता गाठता मावशींना धाप लागली.

"हळू, साहेब," त्या म्हणाल्या. "हळू चला ना."