सैल केलेल्या तारा

बाबांच्या दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी हर्षित आला. आसनगावला उतरून, दोन रिक्षा बदलून, भर उन्हात. बाबांच्या ‘सिंगल फेज’ बँडमध्ये तो सतरा वर्षं बेस गिटार वाजवत होता. मी चहा दिला. तो प्यायला.

मुरबाडजवळच्या आमच्या या घरातून रॉक गायला बाहेर पडलेले बाबा एकटेच. चार अल्बम झाले. पुण्या-बंगळुरूच्या कॉलेजांत त्यांची गाणी पाठ असलेली मुलं भेटायची. इथे जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत मात्र एकदाच वाजवलं, आणि तिसऱ्या गाण्याला लोकांनी जनरेटर बंद करायला लावला. बाबा हे प्रत्येक मुलाखतीत हसत सांगायचे. पोटासाठी कल्याणला गिटारचे क्लास घ्यायचे.

पाचव्या अल्बमचं शेवटचं गाणं अर्धं राहिलं होतं. आवाज रेकॉर्ड झाला होता, गिटार व्हायची होती. या गाण्यासाठी बाबांनी सहाही तारा स्वतःच्याच काही सुरांत लावल्या होत्या. लिहून ठेवलं नव्हतं. बोटं कुठे पडतात ते हर्षितने पाहिलं होतं. तारा कशा लावल्या ते नाही. दवाखान्यात जाताना बाबा मला म्हणाले होते, “गिटारला हात लावू नकोस. हर्षितला आहे तशी दे. सूर तिच्यातच आहेत.”

मी हात लावला नाही. पण हे घरात कुणाला सांगितलंही नाही.

हर्षितने गिटारची केस उघडली. सगळ्या तारा सैल होत्या.

“मीच सैल केल्या गो,” ओट्यावरून वाल्मिककाका म्हणाले. ते बाबांचे थोरले भाऊ. भजनात पखवाज वाजवतात. “वाजवनारा गेला, मंग ताण कशाला ठेवायचा? आबांच्या पखवाजाच्या वाद्या पन मीच सैल केलेल्या. एकेक तार हळू सोडली, एक पन तुटू दिली नाय.”

आबा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यावर काकांनी त्या वाद्या सोडल्या तेव्हा मी शेजारीच बसले होते. आमच्या घरात असंच करतात. मला आठवायला हवं होतं.

हर्षितने गिटार उजेडात धरली. तारांच्या खालच्या बाजूला, गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर दाबून पडलेले बारीक खळगे होते. तार सैल झाल्याने सरकलेले ते खळगे पुन्हा पट्ट्यांवर येईपर्यंत तो एकेक तार ताणू लागला.

“साईनाथ पन असाच,” काका बाबांबद्दल म्हणाले. “म्या त्याला बोलायचो, तू वाजवतोस कवा रे? नुसता लावतच बसतोस. तर बोलायचा, दादा, तुमचा भात पेरल्या दिवशी खाता का?”

हर्षित हसला. मीही हसले असेन.

चार तारांचे खळगे सापडले. उरलेल्या दोन नव्या होत्या, त्यांवर काहीच उमटलं नव्हतं. त्या त्याने अंदाजाने लावल्या, पुन्हा उतरवल्या, पुन्हा लावल्या. मग फोनवर बाबांचा आवाज सुरू केला आणि सोबत वाजवलं. चांगलं वाटलं. पण बाबांनी असंच वाजवलं असतं का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

“जुळलं काय?” काकांनी विचारलं. “सैल केल्यानं काय बिघडलं तर नाय ना?”

हर्षितने माझ्याकडे पाहिलं.

“नाही काका. जुळलं,” मी म्हणाले.

काका उठून गोठ्याकडे गेले. मग हर्षित हळू आवाजात म्हणाला, “दोन तारा माझ्या मनाच्या आहेत.”

“माहीत आहे.”

“तरी गिटारला नाव त्याचंच लिहू. ऐकणारे त्याच्यासाठीच ऐकतील. कुणाला कळणार नाही.”

गाणं पूर्ण बाबांचं म्हणून बाहेर पडावं, एवढंच मला दहा दिवस हवं होतं. एका होकारात ते झालं असतं.

“नको,” मी म्हणाले. “आवाज साईनाथ. गिटार हर्षित.”

त्याने फोनमध्ये तसं टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. बरोबर होतं.