औषधाचं पाणी

टर्की पक्षी पाळणाऱ्याची बायको बहिणीच्या आजारपणात मदतीला गेली, तेव्हा हा गृहस्थ ऐटीत म्हणाला होता, "सावकाश ये. माझं काही अडत नाही." आता बोललेलं गिळायचं कसं? बहीण कधीच हिंडूफिरू लागली, पण 'ये' म्हणायला याची जीभ काही रेटेना. दाणा टाकताना टर्कीच्या पिल्लांशीच तिच्याबद्दल बोलायचा. आठवणीने जीव नुसता कासावीस व्हायचा त्याचा.

अशात पिल्लांना हगवण लागली. पंख पाडून, डोळे मिटून उबेच्या दिव्याखाली गोळा झालेली, आणि खालच्या भुशावर रक्ताचे डाग. टर्कीची पिल्लं मुळातच मुलखाची नाजूक. जनावरांच्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली, आतड्याचा आजार सांगितला आणि पाण्यातून द्यायचं औषध दिलं. याने इमानेइतबारे औषध कालवलं, ओला भुसा काढून कोरडा पसरला. तरी दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं दगावली. मग मात्र त्याचं धाबं दणाणलं आणि त्याने बायकोला फोन लावला.

"साधं पाणी काढून घेतलंत का?" सगळं ऐकून तिने आधी हेच विचारलं.

"औषध कडू आहे गं. बिचारी चोच लावतात आणि मागे सरतात. म्हणून शेजारी एक भांडं..."

"अहो, मग ती औषधाकडे फिरकतील तरी कशाला? काढा ते. तुमची माया त्यांच्या जिवावर उठलीय."

त्याने भांडं काढलं. तिने सांगितलं तशी एकेकाची चोच औषधाच्या पाण्यात बुडवली. रोज ती फोन करून चौकशी करायची. हळूहळू रक्त थांबलं, पिल्लं दाण्यावर तुटून पडू लागली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. याला मात्र वेगळाच घोर लागला. आता ती फोन कशाला करेल?

संध्याकाळी फोन वाजला. "अजून तशीच आहेत," त्याने ठोकून दिलं.

"विष्ठा कशी आहे?"

खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. पण याला ती कला कधी जमली? समोर दिसलं तेच सांगून बसला. "घट्ट आहे. तपकिरी. वर थोडं पांढरं."



"ही तर ठणठणीत पिल्लांची झाली," ती म्हणाली. "मग बरं कोणाला नाही?"

तो भिंतीला टेकला. "मला करमत नाही गं. घर खायला उठतं. ये ना."

"मी इथे रोज पिशवी भरते, रोज रिकामी करते," ती म्हणाली. "वाटायचं, आज तरी बोलावतील. तुमचं आपलं पिल्लं एके पिल्लं. उद्या निघते मी. पण खरं सांगा, ती आजारी पडली नसती, तर बोलावलं असतंत मला?"



"नसतं," तो म्हणाला.