नाते : मामा

मी नोंदवही बोलतेय. पाथर्डी तालुक्यातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात, दारापाशी टेबलावर माझी जागा होती. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की चाळीसेक मुली इथं राहायच्या. त्यांना कोण भेटायला आलं, कोण घेऊन गेलं, हे जपून ठेवणं माझं काम.

संस्थेनं माझ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'बालसुरक्षा' लिहिलं होतं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! तपासणीला साहेब यायचे, शेवटच्या पानावर सही ठोकायचे आणि चहा पिऊन जायचे. आतल्या ओळी कुणीच वाचल्या नाहीत. फार थकले मी त्यानं.

'नाते' या रकान्यात निम्मे लोक 'मामा' लिहायचे. आपल्याकडं पोरं कंडक्टरलाही मामा म्हणतात, पोलिसालाही. मला पूर्वी त्याचं हसू यायचं.

जानेवारीत एक माणूस मोटारसायकलवर आला. सातवीतल्या सुकन्याला म्हणाला, "चल गं, तुजी आई आजारी हाय. फडाजवळ बेलापूरला दवाखान्यात ठिवलीय."

अधीक्षिका विजयमालाबाई वाईट नाहीत. एकट्या सगळ्या मुलींचं बघतात, आणि त्या दिवशी स्वयंपाकीणही आली नव्हती. त्यांनी सुकन्याच्या आईला, राहीबाईला, फोन लावून पाहिला. लागला नाही. उसाच्या फडात रेंज कुठली?

"ओळखतेस ना गं यांना?"

"मामा हायेत. तोडीवर बगितलंय," सुकन्या म्हणाली. मग हळूच, "पन बाई, मी न्हाई जात. सोमवारी पेपर हाय माजा."

"आई मोठी का पेपर मोठा?" म्हणत बाईंनी मला त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं लिहिलं : नाव भिमाजी, नाते मामा. खाली मोबाईल नंबर आणि सही. सुकन्या दप्तर घेऊन गाडीवर बसली.

चार दिवसांनी राहीबाईचाच फोन आला. "बाई, सुकन्याला द्या की जरा."

"अहो, तुम्ही तर दवाखान्यात होतात ना?"

"मी? मी फडात हाय."

दुसऱ्या दिवशी ती येऊन थडकली. तिला वाचता येत नव्हतं. ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं काय लिव्हलंय?" बाई नंबर लावायला गेल्या, तेव्हा कुठं आकडे मोजले गेले. नऊच भरले.

"अन् ह्ये?"

"नाते... मामा."

राहीबाईनं मला बाईंकडं ढकललं. "बाई, आमी पाच भैनी. मला भाऊच न्हाई."

आता मी पोलीस ठाण्याच्या कपाटात पुरावा म्हणून पडून आहे. चार महिने झाले, सुकन्या अजून सापडलेली नाही. वसतिगृहात नवी वही आली म्हणे, रकाने तेच. हात जोडून सांगते, त्यात एक रकाना वाढवा : मुलगी काय म्हणाली. सुकन्या 'न्हाई जात' म्हणाली होती. मी ते ऐकलं होतं, पण ते लिहायला माझ्यात जागाच नव्हती.