बाजेवरची जागल

बसा मित्रांनो, पण कडेकडेने बसा. माझा मधला काथ्या सैल झाला आहे, आणि माझ्यासारख्या जुन्या बाजेवरून पडलात तर दोष मलाच लागेल. कासुर्डीत शंभूच्या घरामागे, परसात, दिव्याच्या खांबाखाली मी उभी असते. माझे पाय बाभळीचे. मल्हारीने ते स्वतः तासले, काथ्याही त्यानेच विणला. पायथ्याला ताण द्यायला त्याने अंबाडीचा लांब दोर ओवला. त्या दोराचं पुढे काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मल्हारी शंभूचा बाप. तरुणपणी तो मेंढरं घेऊन घाट उतरायचा. रात्री कळप कुणाच्या तरी रानात बसवायचा आणि त्याने नाहीतर बायकोने पाळीपाळीने जागं राहायचं. त्याला जागल म्हणतात. पाळी कधी संपली हे घड्याळ नव्हे, आभाळ सांगायचं. हिवाळ्यात तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, आणि उन्हाळ्यात बाजलं, म्हणजे सप्तर्षी. उत्तरेला चार ताऱ्यांची बाज असते, तिच्यावर एक म्हातारी निजते, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. म्हातारी जागी आहे तोवर चोरांचं काही चालत नाही. आभाळात माझी थोरली बहीण राहते, या फुशारकीत मी कितीतरी उन्हाळे काढले.

पुढे मेंढरं विकली, शेती आली, शंभू कंपनीत लागला. मल्हारी म्हातारा झाला आणि त्याची आठवण उसवत गेली. जेवलो की नाही, हेही त्याला कळेना. जागल तेवढी पक्की राहिली. जेवणं आटपली की तो माझ्यावर आडवा होई आणि परसाच्या उत्तरेच्या लिंबाकडे डोळे लावी. बाजलं लिंबाच्या शेंड्यावर आलं की बायकोला हाक मारी, "गिते, ऊठ. तुझी जागल." गिताबाई म्हणायची, "व्हय, मी हाय जागी. निजा तुम्ही." तो लगेच घोरू लागे. पाळी सोपवल्याशिवाय मात्र त्याचा डोळा लागत नसे.

मग दिवा आला. निवडणुकीत शंभू सरपंच सर्जेरावांसाठी उन्हातान्हात पळाला होता, त्याचं हे बक्षीस. खरं तर ओढ्याजवळच्या वळणावर दिव्याची गरज होती, तिथे रोज कुणीतरी गाडीवरून घसरतं. पण शंभूने खांब आपल्या परसात, उगवतीच्या कोपऱ्यात रोवून घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले. दिवा असा पांढराफेक पडला की लिंबावरचे कावळेसुद्धा गोंधळून ओरडू लागले. वळणावर अजून अंधारच आहे.

आभाळाला कुणी चुना फासावा तसं झालं. बाजलं दिसेना. मल्हारी वाट पाहत पडून राही, पाळी काही संपेना. त्यात उगवतीला ते पांढरं तेज. धनगराला ठाऊक असतं, शुक्राची चांदणी उगवली की कळप उठवायचा. तो काठी घेऊन उठायचा.

"अवं, कुठं निघालाव?" गिताबाई विचारायची.

"शुक्र वर आला न्हवं का! मेंढरं उपाशी हायेत."

दोनदा त्याला हायवेवरून, ट्रकांच्या मधून धरून आणलं. सून पूनमने तर त्याचा व्हिडिओ काढला आणि पाहुण्यांना पाठवला, "बघा, आमचं मामा निघालं घाटाखाली." यवतपासून दौंडपर्यंत सगळे पाहुणे पोट धरून हसले.

शेवटी शंभूने माझ्या पायथ्याचा दोर सोडला आणि बापाला माझ्याशीच बांधला. दोर काचतो म्हणून पूनमने मनगटांना लुगड्याची चिंधी गुंडाळली. दया म्हणतात ती एवढीच.

"लेकरा, त्या दिव्याला नुसतं टोपलं बांध," गिताबाईने हात जोडले. "आभाळ दिसलं की झोपतील ते."

"आये, अख्ख्या आळीत आपल्याच दारात लाईट हाय. टोपलं बांधलं तर सर्जेरावआप्पा काय म्हंतील? लोक तोंडात शेण घालतील."

लोकांनी तोंडात शेण घालू नये म्हणून बाप बांधलेला राहिला आणि दिवा मोकळा.

एका संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळी आळी काळी झाली, आणि लिंबाच्या शेंड्यावर माझी बहीण उभी होती, तिन्ही चोरांसकट. गिताबाईने गाठी सोडल्या. मल्हारीने वर पाहिलं. त्याचा चेहरा एकदम माणसात आला. "गिते," तो म्हणाला, "लई उशीर केला बाजल्यानं. ऊठ, तुझी जागल." आणि तो झोपला, लहान मुलासारखा, गुडघे पोटाशी घेऊन. त्या रात्री मला इतका आनंद झाला की माझे सांधेसुद्धा करकरले नाहीत.

सकाळी गिताबाई म्हणाली, "शंभू, चार दिस राहू दे असंच." शंभूने ऐकलं नाही. वायरमनला आधी त्यानेच गाठलं, चहा पाजला, आणि दिवेलागणीला खांब पुन्हा पेटला. दोर पुन्हा बांधला गेला.

मल्हारीने डोळे मिटायचं सोडलंच. "झोपा आता, मी हाय जागी," असं गिताबाई कितीदा तरी म्हणाली. तो म्हणायचा, "आजून बाजलं उगवलं न्हाई. तुला कशी उठवू?" असाच तो उघड्या डोळ्यांनी गेला. बांधलेलाच होता. दोर सोडायला सुरी आणावी लागली, गाठी इतक्या आवळल्या होत्या. दुखवट्याला आलेली माणसं परसात उशिरापर्यंत बसली. "लाईटीची लई सोय झाली बघा," म्हणाली.

मित्रांनो, दिवा लावू नका, असं मी म्हणत नाही. वळणावर लावा, त्याचं तोंड खाली ठेवा, आणि कुणाच्या बाजेवरचं आभाळ आहे ते आधी विचारा. विचारायला काही लागत नाही. पण तुम्ही विचाराल, असं मला वाटत नाही.

आता माझ्यावर गिताबाई निजते. निजते कसली, जागीच असते. मल्हारीची राहिलेली पाळी तीच करते. दिव्याचा उजेड अडवायला डोळ्यांवर हात धरून ती लिंबाच्या शेंड्यावर काहीतरी शोधते आणि पुटपुटते, "नेली वाटतं चोरांनी." काल ती फार थकली होती. तिने घराकडे हाक मारली, "शंभू, ऊठ बाबा. आता तुझी जागल."

आतून शंभूचा आवाज आला, "झोप की आये. लाईट हाय न्हवं जागलीला!"