मागच्या दाराचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या अंगावरचं कॉफीचं चित्र केव्हाच पुसलं गेलं. नीट पाहिलं तर कपाची एक कड आणि वाफेची एक रेघ तेवढी दिसते. कॉफी संपली की माझ्यासारखे डबे कचऱ्यात जातात. मला रोहेलियोनं ठेवून घेतलं.

रोहेलियो नळ बसवायचं काम करायचा. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, टेकडीच्या उतारावर त्याचं घर होतं. मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे नुसतं वाळलेलं गवत आणि निवडुंग. एका रविवारी त्यानं मला धुतलं, माझ्यात सतरा गंजके नट-बोल्ट टाकले, झाकण दाबून बसवलं आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. मग जोरात हलवून पाहिलं. त्याच्या पायाशी झोपलेला पिनोले, भाजक्या मक्याच्या पिठाच्या रंगाचा तो वीतभर कुत्रा, थेट पलंगाखाली जाऊन बसला.

"त्या आवाजानं कुत्राच मरेल तुझा!" त्याची बायको ओफेलिया स्वयंपाकघरातून ओरडली.

"त्याला नाही घाबरवत गं. त्याला खाणाऱ्याला घाबरवतोय."

मित्रांनो, त्याला खाणारा म्हणजे कोयोट. कोल्ह्याहून उंच, काठीसारखे पाय, पिवळट डोळे. अनोळखी कुत्रा आला तर भुंकून कळवतो तरी. कोयोट येताना कधी दिसत नाही. आधी तो नसतो आणि मग असतो. मी पत्र्याचा आहे, मला कोणी खाणार नाही. तरी भिंतीवर ती राखाडी पाठ दिसली की माझ्या पोटातला एकेक बोल्ट गार पडायचा.

रोहेलियोनं भिंतीच्या कडेवर तारेत ओवून एक लांब नळी बसवली होती. कोयोटनं उडी मारून पंजा टेकला, की नळी गरकन फिरायची आणि तो पलीकडे घसरायचा. तरी एखादा आलाच, तर मी होतो. मागच्या दाराशेजारी, हात लांबवला की लागेल अशा फळीवर माझी जागा होती. रोहेलियो हात उंचावून, मला खुळखुळवत, ओरडत पुढे जायचा. पाठ कधी दाखवायचा नाही, पळायचा नाही, आणि कोयोट नजरेआड होईपर्यंत थांबायचा नाही.

"अर्ध्यात थांबलीस तर त्याला वाटतं, नुसता तमाशा आहे," तो आपल्या मुलीला, नोएमीला सांगायचा. "आणि शिव्या नको देऊस त्याला. टेकडी त्याचीच आहे. आपल्याला घाबरून राहिला, तर तोही जगेल. माणसाला भ्यायचं विसरला, की कोणीतरी गोळी घालतं."

नऊ वर्षं मी असा वाजलो. शेजारची चायो हसायची. "रोहेलियोच्या चर्चची घंटा झाली! मांजरं आत घ्या, बायांनो!" पण तीही तिची मांजर, मिचा, लगेच आत घ्यायची. ते माझ्या कौतुकाचे दिवस होते.

फेब्रुवारीत रोहेलियो गेला. सकाळी नळाचं काम करायला गेला आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावर. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. धूळ बसली. भिंतीवर बोगनवेल चढली, फिरत्या नळीला तिनं वेढे घातले आणि नळी फिरायची थांबली. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मला आवाज आहे तो दुसऱ्याच्या हातात असतानाच.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओफेलियानं रोहेलियोची निळ्या ठिपक्यांची एनॅमलची ताटली काढली, तिच्यात भात आणि कोंबडीचा रस्सा वाढला आणि मागच्या पायरीवर ठेवली. दार लावून घेतलं. सकाळी ताटली स्वच्छ होती. ती कितीतरी वेळ ती ताटली छातीशी धरून उभी राहिली. मग रोज वाढू लागली. दाराच्या जाळीतून एकदाही पाहिलं नाही. येणाऱ्याकडे बघायचं नसतं, असं ती मानायची.

मी पाहत होतो. फळीवरून मला सगळं दिसायचं.

पहिले काही आठवडे तो काळोख पडल्यावर यायचा. फरशीवर नखांचा बारीक आवाज, जिभेचा लपलप आवाज, आणि मग काहीच नाही. उन्हाळ्यात तो दिवेलागणीला येऊ लागला. ऑगस्टमध्ये ऊन असतानाच अंजिराच्या झाडाखाली बसून तो दाराकडे बघत राहायचा. आतून भांड्यांचा आवाज आला की कान उभे करायचा. जाळीच्या अलीकडे पिनोले थरथरत मोरीकडे पळायचा. ओफेलिया म्हणायची, "म्हातारा झालास रे, उगाच कशालाही भितोस."

सप्टेंबरात चायोची मिचा दिसेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली तिचा पट्टा सापडला. घुंगरू तसंच होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी नोएमी आली. ती दुसऱ्या गावात शाळेत शिकवते. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गेलेली माणसं घरी जेवायला येतात म्हणतात; त्यासाठी वडिलांची पहिली वेदी मांडायची होती. मागच्या पडवीत, दाराच्या आतल्या बाजूला लागून, तिनं टेबल लावलं, कापड अंथरलं, फोटो ठेवला, त्याचा पाना, त्याची टोपी ठेवली. मग तिची नजर फळीवर गेली. तिनं मला उचललं, धूळ पुसली आणि थोडा वेळ नुसतंच धरून ठेवलं. नऊ वर्षं बापाच्या हातात होतो मी. चिकटपट्टीवर त्याच्या अंगठ्याची काळी खूण होती.

तिनं पट्टी न फाडता सोडवली. सगळे बोल्ट एका वाटीत काढले. माझ्यात पाणी भरलं, झेंडूची फुलं लावली आणि मला फोटोपुढे ठेवलं.

मित्रांनो, मी सुंदर दिसत होतो. आयुष्यात प्रथमच कोणी मला देवासारखं मांडलं होतं. आणि मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी झाडताना नोएमीला ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. ती खाली बसली. एका पंजावर तिनं आपली बोटं ठेवून पाहिली. कुंपणाशी चायो उभी होती.

"दिसलं का एकदाचं?" चायो म्हणाली. "मी मार्चपासून सांगतेय तुझ्या आईला. म्हणते, रोहेलियो जेवून जातो. अगं बाई म्हटलं, मेलेला माणूस अन्नाची चव घेऊन जातो, ताटली चाटून-पुसून नाही ठेवत! जिवंतपणी तरी त्यानं कधी ताट स्वच्छ केलं होतं का?"

नोएमीला हसू आलं, आणि लगेच ओठ घट्ट मिटले गेले. "मावशी, दोन तारीख होऊन जाऊ दे. मग सांगते."

"कोयोटला सांग मग, दोन तारखेपर्यंत थांब म्हणून."

"तिच्याकडे तेवढंच आहे, मावशी."

"पिनोले आहे की." चायोनं कुंपणावरचा हात काढून घेतला. "माझ्याकडे पट्टा उरलाय नुसता."

नोएमीनं सांगितलं नाही. मीही तिच्या जागी सांगितलं नसतं बहुतेक.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. ऊन अजून भिंतीवर होतं. ओफेलिया आत मोले गरम करत होती. वाटलेल्या मिरच्या आणि कोकोचा तो गडद वास पडवीत, अंगणात, थेट टेकडीपर्यंत पसरला असावा. नोएमी मेणबत्त्या लावत होती. पिनोले दाराशी कुंकूं करू लागला. त्याच्या गळ्यात लावायची दोरी आत खुंटीवर होती. एका मिनिटाचं तर काम, म्हणून तिनं जाळी उघडली.

पिनोले चार पावलं गेला आणि थांबला. त्याच्या पाठीवरचा केस न् केस उभा राहिला.

अंजिराखाली तो होता. आधी नव्हता, मग होता.

नोएमीला बापाचं सगळं आठवलं असावं. तिनं पाठ दाखवली नाही. तिनं हात मागे केला, मला उचललं, उंच धरलं आणि जिवाच्या आकांतानं हलवलं.

पाणी उसळलं. झेंडूची फुलं तिच्या केसांवर पडली. आवाज झाला तो पाण्याचा, बादली हिंदकळल्यासारखा.

कोयोटनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मग दोन ढांगांत त्यानं पिनोलेची मान धरली.

नोएमीनं तोंड उघडलं, पण त्यातून काही येईना. मी तिच्या हातात होतो, आणि आम्ही दोघंही मुके होतो.

"काय झालं गं?" ओफेलिया ताटली घेऊन दारात आली.

कोयोट पळाला नाही. पिनोले तोंडात लोंबकळत असताना त्यानं मान वर केली आणि ओफेलियाच्या हातातल्या निळ्या ताटलीकडे पाहिलं. तिच्याकडे नव्हे, ताटलीकडे. ओळखीनं. शेपटी किंचित हललीसुद्धा.

ओफेलियाला त्या एका नजरेत आठ महिने कळले. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, ती आता खाली बसणार.

ती बसली नाही. तिनं ताटली पालथी केली. मोले फरशीवर सांडलं. हातातला पळा तिनं ताटलीवर आदळला, पुन्हा आदळला आणि ती पायऱ्या उतरली.

"चल! निघ! तुझी नाही ही ताटली! ऐकलंस? तुझी नाही!"

एनॅमलचे टवके उडत होते. कोयोटनं पिनोलेला टाकलं, दोन पावलं मागे सरला, थांबला. इथेच बहुतेक माणसं थांबतात. ओफेलिया थांबली नाही. ती ताटली बडवत, रडत, ओरडत भिंतीपर्यंत गेली. पलीकडून चायो झाकणं आपटत होती. त्यानं बोगनवेलीवर पाय रोवला आणि तो टेकडीवर गेला. तो गवतात दिसेनासा झाल्यावरही ती बडवतच होती. नोएमीनं जाऊन तिचा हात धरला.

"सांगायचं होतं आई मला. कालच."

"मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही," ओफेलिया म्हणाली. "कुत्र्याला उचल."

पिनोलेला अकरा टाके पडले आणि एक कान अर्धा गेला. तो जगला. दवाखान्यातून आल्यावर ओफेलियानं टवके उडालेली ताटली घासली, पातेल्यातलं उरलेलं मोले तिच्यात वाढलं आणि आत, माझ्याशेजारी, वेदीवर ठेवली. मागच्या दाराला कडी घातली.

सकाळी ताटली भरलेली होती. मोलेवर साय धरली होती. नोएमी आधी उठली होती; आई येईपर्यंत ती त्या ताटलीकडे पाहायचं टाळत राहिली. ओफेलिया आली. तिनं बोटानं थोडं मोले घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

"चवच उरली नाही," ती हळूच म्हणाली. "बघ चाखून. घेऊन गेला तो."

नोएमीनं चाखलं. खरोखरच चव नव्हती की होती, मला डब्याला काय कळणार? ती एवढंच म्हणाली, "हो आई. काहीच नाही उरली." मग दोघींनी मिळून ती ताटली संपवली.

त्या दुपारी नोएमीनं फुलं काढली, मला पुसून उन्हात वाळवलं आणि वाटीतले बोल्ट एकेक करून माझ्यात टाकले. सोळाच सापडले. माझा आवाज थोडा बदलला आहे, पण पुरेसा आहे. झाकणावर तिनं तीच जुनी पट्टी गुंडाळली, अंगठ्याची खूण वर ठेवून. बोगनवेल छाटली. नळी पुन्हा फिरते. पिनोले दोरी लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आता तो स्वतःच दोरीसाठी अडून बसतो. कोयोट दोनदा भिंतीवर दिसला. दोन्ही वेळा ओफेलियानं मला वाजवलं, तो दिसेनासा होईपर्यंत. टेकडीवर रात्री त्याचं ओरडणं ऐकू येतं, म्हणजे तोही जिवंत आहे.

मित्रांनो, तुमच्या भिंतीपलीकडेही कोणीतरी राहत असेल. त्याला अंगणात जेवायला वाढू नका, कितीही प्रेमानं वाढावंसं वाटलं तरी. आपल्या लहान जिवाला एक मिनिटही एकटं सोडू नका. आणि माझ्यासारखं जे काही कोणी तुमच्यासाठी करून ठेवलं असेल, त्याची आठवण म्हणून त्यात फुलं भरू नका. ते दाराशी असू द्या. हात लांबवला की लागेल असं.